फॉइल्स वॉर बघायच्या आधी, बघताना आणि बघून झाल्यावर पडणारे प्रश्न

ज्यांना ज्यांना ही सिरीज बघा म्हणून मागे लागतो ते सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. खुनी कोण ते कुठेही सांगितलेलं नाही, एक अपवाद सोडून, आणि तिथे आधी सूचना दिली आहे.

ही नक्की कसली सिरीज आहे?

ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनेलची डिटेक्टिव्ह सिरीज. ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली, २०१५ च्या सुरुवातीला संपली. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, जागा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज, आणि हिरो तिथला डिटेक्टिव्ह चीफ सुपरिटेंडंट ख्रिस्तोफर फॉइल. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा हवाईदलात स्पिटफायर उडवतोय, आणि हा माणूस घरी एकटा. सुट्टी मिळाली की नदीवर ट्राउट मासे धरायला जातो, थोडी व्हिस्की घेतो, फार बोलत नाही. सगळी सिरीज अँथनी हॉरोविट्झ या लेखकाच्या डोक्यातून निघालेली आहे, बहुतेक एपिसोड त्यानेच लिहिलेत. निर्माती जिल ग्रीन ही त्याची बायको, म्हणजे घरचंच काम.

कुठल्या पुस्तकावरून घेतली आहे का? फॉइल खरा होता का?

नाही आणि नाही. थेट टीव्हीसाठीच लिहिलेली आहे. आयटीव्हीची मोर्स ही डिटेक्टिव्ह सिरीज २००० साली संपली, मग तसा भारदस्त दुसरा डिटेक्टिव्ह पाहिजे होता, त्या शोधातून हा आला.

किती एपिसोड आहेत? किती वेळ लागेल?

आठ सीझन, २८ एपिसोड. ऐकायला कमी वाटतात पण एकेक एपिसोड दीड तासाच्या वर, म्हणजे प्रत्येक वेळी एक अख्खा सिनेमाच. एका बैठकीत चार चार एपिसोड उडवायची सवय असेल तर इथे ती मोडावी लागेल. रात्री जेवणं उरकून एक लावायचा, संपेपर्यंत साडेअकरा. दुसरा लावायची इच्छा होते पण लावू नये, कारण गोष्टीत एवढी माणसं असतात की दोन एपिसोड सलग बघितले तर कोणाची बायको कोणाबरोबर पळाली आणि कोणाचा भाऊ डंकर्कला (फ्रान्सचा तो किनारा, जिथून ब्रिटिश सैन्य बोटींनी परत आणलं) होता यात सगळा गोंधळ होतो.

म्हणजे ही युद्धाची सिरीज की खुनाची?

हाच खरा प्रश्न आहे आणि माझं सगळं म्हणणं यातच आहे, त्यामुळे जरा लांबेल.

सिरीजची सुरुवात मे १९४० मध्ये होते. फ्रान्स कोसळायच्या बेतात, हिटलर कधीही समुद्र ओलांडून येईल अशी भीती, आणि फॉइलला पोलिसातून सुटून युद्धाच्या कामाला जायचंय. अर्ज करून करून थकलाय. वरचा साहेब सांगतो की नाही, तू जिथे आहेस तिथेच राहा. आता त्याच्या जागी आपल्याला ठेवून बघा, पोरगा विमान घेऊन आकाशात, अख्खा देश कामाला लागलेला, आणि आपण काय करतोय तर कोणी कोणाला डोक्यात घालून मारलं त्याचा तपास. जवळपास प्रत्येक एपिसोडमध्ये कोणीतरी मोठा माणूस, कधी लष्करी अधिकारी, कधी कारखानदार, कधी गुप्तहेर खात्यातलं कोणी, त्याला ऐकवतंच की अहो तिकडे रोज शेकडो माणसं मरतायत आणि तुम्ही एका खुनाचं काय घेऊन बसलात. वर हा माणूस देशाला किती उपयोगी आहे, याला आत टाकलंत तर युद्ध हरायची वेळ येईल, हेही असतं.

फॉइल यावर भाषण देत नाही. तो ऐकून घेतो, मान किंचित तिरकी करतो आणि पुढचं विचारतो. पण त्याचं उत्तर आपल्याला कळतं: मेलेल्या माणसाची किंमत युद्ध चालू आहे म्हणून कमी होत नाही, आणि ज्या कायद्यासाठी लढतोय तोच गुंडाळून ठेवायचा तर मग लढायचं कशाला. खुनी कोण हे इतर सिरीजमध्ये शेवटाला कळलं की काम संपतं, इथे कळल्यावर खरी अडचण सुरू होते. शिवाय त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती, म्हणजे फॉइलने एखाद्याला धरलं की त्या माणसाचं पुढे काय होणार हे त्याला पण माहीत असतं आणि आपल्याला पण. त्यामुळे शेवटी पकडला रे पकडला असा आनंद फारसा होत नाही.

एक उदाहरण द्या ना (स्पॉयलर आहे, दुसरा सीझन बघायचा असेल तर हे उत्तर सोडा)

फिफ्टी शिप्स नावाचा एपिसोड. सप्टेंबर १९४०. त्या महिन्यात खरोखरच अमेरिकेने ब्रिटनला पन्नास जुन्या विनाशिका (युद्धनौका) दिल्या आणि बदल्यात तळांसाठी ९९ वर्षांच्या कराराने जागा घेतल्या. एपिसोडमध्ये हॉवर्ड पेज नावाचा एक वजनदार अमेरिकन उद्योगपती आलाय, ब्रिटनला मदत मिळवून द्यायला याचा मोठा हातभार. आणि खून त्यानेच केलाय. फॉइलला सगळं कळलंय, पुरावा आहे, पण वरून आदेश येतो की याला हात लावायचा नाही, याच्याशिवाय मदत अडकेल. फॉइल त्याची गाडी अडवतो. आरडाओरडा नाही, पिस्तूल नाही, आवाज पण चढवत नाही. युद्ध कधीतरी संपेल आणि मग मी येईन, एवढंच शांतपणे सांगतो आणि गाडी जाऊ देतो. आणि गंमत म्हणजे लेखक हे विसरत नाही. कित्येक सीझननंतर युद्ध संपतं तेव्हा फॉइल खरंच बोटीत बसून अमेरिकेला निघतो.

फॉइल इतका गप्प का असतो? काहीच होत नाहीये असं वाटतं.

मायकल किचन या नटामुळे. हॉरोविट्झने सांगितलंय की किचन स्क्रिप्ट वाचून स्वतःचीच वाक्यं काटायचा. आपल्याकडे नट वाक्यं वाढवून मागतात, हा कमी करून मागतो! पण ते का ते बघितल्यावर कळतं. जिथे दुसऱ्या कोणी चार ओळी म्हटल्या असत्या तिथे हा ओठाचा एक कोपरा आत ओढतो, गालातल्या गालात काहीतरी चावल्यासारखं करतो, नजर खाली नेऊन परत वर आणतो, आणि समोरचा माणूस त्या शांततेला घाबरून नको ते बोलून जातो. चौकशी करायची ही पद्धत बघण्यासारखी आहे. मोबाईल चाळत बघितलं तर यातलं काहीच दिसणार नाही आणि मग तुम्ही म्हणाल की स्लो आहे. स्लो आहेच. पण रिकामी नाही.

याला आधी कुठे बघितलंय असं वाटत असेल तर १९९५ च्या गोल्डनआय या बाँडपटात तो बाँडच्या साहेबाचा, म्हणजे एमचा, मदतनीस बिल टॅनर होता.

एवढा मोठा अधिकारी आणि गाडी चालवत नाही?

नाही चालवत. आणि त्यामुळेच सिरीजला सॅम मिळते, नाहीतर अर्धी मजा गेली असती.

पोलिसातली तरुण पोरं युद्धावर गेलेली, ड्रायव्हर नाही, म्हणून फॉइलला मेकॅनाइज्ड ट्रान्सपोर्ट कोअरमधून एक ड्रायव्हर देतात. सॅम स्टुअर्ट येणार असं कळलेलं असतं, पुरुष समजून वाट बघतात, आणि समोर युनिफॉर्ममधली एक हसरी मुलगी. सॅम म्हणजे सामंथा. पाद्र्याची मुलगी, घरून निघायला मिळालं म्हणून खूश, बडबडी, नाकासमोर चालणारी पण नाक मात्र प्रत्येक केसमध्ये खुपसणारी. पहिल्याच दिवशी तिला बजावतात की तुझं काम गाडी चालवायचं, केसबद्दल बोलायचं नाही. किती पाळते ते बघालच. अमंग द फ्यू मध्ये तर तिला पेट्रोलचोरी पकडायला चक्क पेट्रोल डेपोत ड्रायव्हर म्हणून आत घुसवतात.

सॅमला कायम भूक लागलेली असते हा सिरीजभर चाललेला जोक आहे, पण तो नुसता जोक नाही. ८ जानेवारी १९४० पासून तिकडे बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली, मग एकेक करत बाकीचं. विशीतली धडधाकट मुलगी, दिवसभर काम, आणि पोटभर खायला नाही. कोणाच्या घरी चौकशीला गेले की फॉइल माणसांकडे बघतो आणि सॅम टेबलावर काय ठेवलंय ते बघते.

तिचं काम करणाऱ्या नटीचं नाव हनीसकल वीक्स. हो, खरंच हेच नाव आहे.

आणि तो लंगडणारा सार्जंट?

पॉल मिलनर, काम केलंय अँथनी हॉवेलने. आधी पोलिसात होता, सैन्यात गेला, नॉर्वेत ट्रॉन्हाइमच्या बाजूला लढताना पाय गेला. पहिल्या एपिसोडमध्ये तो हॉस्पिटलच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे, जगायची इच्छा गेलेली. फॉइल त्याला भेटायला जातो आणि धीर वगैरे काही देत नाही. तो त्याला हातातली केस सांगतो आणि तुला काय वाटतं विचारतो. बस. माणसाला परत उभं करायचा एवढा साधा सीन मी फार कमी ठिकाणी बघितलाय. बायको मात्र त्याचा लाकडी पाय बघून दूर जाते, तो धागा पुढे बरेच एपिसोड चालतो आणि कधी कधी बघवत नाही.

पहिला एपिसोड चांगला आहे का, की तीन-चार सहन करावे लागतात?

पहिलाच उत्तम आहे. द जर्मन वुमन. गावातल्या बड्या मॅजिस्ट्रेटची बायको मूळची जर्मन. त्या वेळी ब्रिटनने जर्मन वंशाच्या लोकांना धरून धरून छावण्यांत टाकायला सुरुवात केली होती, पण ही बाई बड्या घरची म्हणून मोकळी, घोड्यावरून रपेट मारतेय. आणि त्याच गावात कित्येक वर्षं राहिलेलं एक साधं जोडपं, त्यांना पहाटे उचलून नेतात. मग एक दिवस ती बाई घोड्यावरून जाताना वाटेत ताणून बांधलेल्या तारेने मरते. गावातल्या अर्ध्या लोकांना आनंदच झालाय. आता शोधा खुनी.

हे छावण्यांचं सगळं खरं आहे बरं का. हिटलरपासून पळून आलेले ज्यू लोक सुद्धा जर्मन म्हणून आत टाकले होते, कित्येकांना आइल ऑफ मॅन बेटावर नेऊन ठेवलं. पुढे १० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारलं तेव्हा इटालियन लोकांची पाळी आली, दुकानं हॉटेलं फोडली. अ लेसन इन मर्डर मध्ये फॉइलच्या इटालियन मित्राच्या रेस्टॉरंटचं काय होतं ते बघा. काल ज्याच्याकडे जेवलो त्याच्याच काचा आज फोडायच्या, हे बघताना आपल्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

इतिहास कितपत खरा असतो?

माणसं आणि खून काल्पनिक, पण आजूबाजूचं जवळपास सगळं खऱ्यावर बेतलेलं. इम्पीरियल वॉर म्युझियमची मदत घेतलेली होती, श्रेयनामावलीत नाव दिसतं. आणि हॉरोविट्झची खोड अशी की नेहमीच्या शौर्यकथा सोडून लोकांनी गालिच्याखाली सरकवलेल्या गोष्टी बाहेर काढायच्या.

एनिमी फायर मध्ये भाजलेल्या वैमानिकांचं हॉस्पिटल आहे. ते ससेक्समधल्याच ईस्ट ग्रिन्स्टेडच्या हॉस्पिटलवरून घेतलंय, तिथे आर्चिबाल्ड मॅकइन्डो नावाचा न्यूझीलंडचा सर्जन जळालेले चेहरे आणि हात प्लॅस्टिक सर्जरीने परत उभे करायचा, आणि ते पेशंट स्वतःला गिनी पिग क्लब म्हणवून घ्यायचे. ईगल डे मध्ये चित्रं हलवायची भानगड आहे, तर लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं खरंच वेल्समधल्या मॅनॉड डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती. बॅड ब्लड मध्ये अँथ्रॅक्सचा प्रयोग. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये मेंढ्यांवर तो प्रयोग केला आणि ते बेट १९९० पर्यंत माणसांना बंद होतं, जवळजवळ पन्नास वर्षं!

ऑल क्लिअर या एपिसोडच्या पोटात स्लॅप्टन सँड्सचं प्रकरण आहे. एप्रिल १९४४, नॉर्मंडीच्या चढाईची रंगीत तालीम चालू होती, आणि रात्री जर्मन टॉर्पेडो बोटींनी येऊन हल्ला केला. सातशेच्या वर अमेरिकन सैनिक मेले, आणि चढाईचं गुपित फुटू नये म्हणून सगळं दाबून ठेवलं. किलिंग टाइम मध्ये काळे आणि गोरे अमेरिकन सैनिक. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढायला आलेल्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि ब्रिटिश गावातल्या नाचाच्या हॉलमध्येही तोच भेद आणायचा प्रयत्न. द रशियन हाउस मध्ये जर्मन गणवेशात पकडलेले रशियन आहेत, ज्यांना याल्टाच्या करारानुसार (दोस्त राष्ट्रांनी स्टालिनशी केलेला) स्टालिनकडे परत पाठवत होते. परत गेलो की काय होणार हे त्यांना माहीत होतं. एक दोन एपिसोडनंतर सवय लागते, बघून झालं की मोबाईल उघडून हे खरं होतं का ते शोधायचं, आणि दहातल्या आठ वेळा उत्तर हो येतं.

आणि कांदा! पोलीस स्टेशनात एका कांद्याची सोडत काढतात, नंबर लागेल त्याला एक कांदा. लेखकाने विनोद केला असं वाटलं ना? खरं आहे. कांदा बराचसा फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि इंग्लिश खाडीतल्या चॅनेल बेटांवरून यायचा, १९४० मध्ये दोन्ही जर्मनांच्या हातात गेले आणि इंग्लंडात कांदा दिसेनासा झाला, लोक कचेऱ्यांमध्ये सोडती काढायचे. लासलगावच्या माणसाने तो सीन बघावा.

ब्लॅकआउट, होम गार्ड, लँड गर्ल, स्पिव्ह हे काय सारखं सारखं?

पटकन सांगतो. ब्लॅकआउट म्हणजे रात्री विमानांना गाव दिसू नये म्हणून सगळे दिवे झाकायचे, खिडकीला काळे पडदे, फट राहिली की वॉर्डन दारात येऊन ओरडणार. होम गार्ड म्हणजे सैन्यात न घेतलेले वयस्कर आणि पोरसवदा लोक, गावाची राखण करायला. लँड गर्ल म्हणजे शेतावर राबायला पाठवलेल्या मुली, दे फॉट इन द फील्ड्स त्यांच्यावर आहे. स्पिव्ह म्हणजे काळाबाजारवाला. फंक होल म्हणजे बॉम्बपासून लांब, खेडेगावातलं महागडं हॉटेल जिथे पैसेवाले जाऊन बसायचे, त्या नावाचा एपिसोडच आहे आणि तो बघताना कोविडमध्ये फार्महाउसवर जाऊन राहिलेल्यांची आठवण येते.

हेस्टिंग्जच का?

कारण फ्रान्स समोरच. जर्मन उतरले असते तर याच पट्ट्यात कुठेतरी. त्यामुळे बीचवर काटेरी तारा, सुट्टीत आईस्क्रीम खायचं गाव अचानक आघाडीवर आलेलं. युद्ध दूर कुठेतरी चाललंय असं त्या गावाला म्हणताच येत नाही, डंकर्कहून माणसं आणायला निघालेल्या छोट्या बोटी द व्हाइट फेदर मध्ये तिथूनच जातात. शूटिंग पण बरंचसं हेस्टिंग्जच्या ओल्ड टाउनमध्ये झालं, फॉइलचं घर दाखवलंय तो चढाचा रस्ता म्हणजे क्रॉफ्ट रोड. इंग्लंडात राहणारे मराठी लोक वीकेंडला जाऊ शकतात, लंडनहून ट्रेन आहे. जाल तर किनाऱ्यावरच्या उंच काळ्या लाकडी खोल्या नक्की बघा, कोळ्यांची जाळी ठेवायच्या. आणि फॉइलच्या घरात लोक राहतात हो, दारात उभं राहून सेल्फी नको.

मध्येच काळ एवढा कसा पळतो? काही एपिसोड गाळलेत का?

गाळले नाहीत, लिहूनच दिले नाहीत. सुरुवातीला सिरीज अगदी सावकाश चालते, १९४० च्या मे ते ऑक्टोबर या काळातच आठ एपिसोड. मग २००७ मध्ये चॅनेलच्या एका अधिकाऱ्याला वाटलं की पुरे झालं आता, बंद करा. हॉरोविट्झकडे १९४३-४४ साठी ठरवलेलं बरंच काही होतं ते सगळं टाकून द्यावं लागलं आणि तीन एपिसोडमध्ये युद्ध गुंडाळून मे १९४५ पर्यंत यावं लागलं. त्यात चौथ्या सीझनच्या शेवटी फॉइल राजीनामा देतो आणि पाचव्याच्या सुरुवातीला एप्रिल १९४४ उजाडलेला असतो. मग झालं काय, २००८ मध्ये ते शेवटचे एपिसोड लोकांनी इतके उचलून धरले, आणि तोवर चॅनेलमधला तो अधिकारी पण बदलला होता, की सिरीज परत सुरू केली. पण युद्ध तर संपवून बसले होते! म्हणून मग युद्धानंतरची गोष्ट.

मला याचा राग अजून आहे. नॉर्मंडीच्या तयारीचं संपूर्ण वर्ष, ससेक्सभर सैन्य पसरलेलं, आणि फॉइलशिवाय गेलं.

शेवटचे दोन सीझन वेगळेच वाटतात, लंडन, एमआयफाइव्ह वगैरे. बघू का सोडू?

बघा, पण वेगळी सिरीज समजून. १९४६ पासून पुढे फॉइल एमआयफाइव्हमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यात, रशियन हेर, अणुबॉम्बची गुपितं, जुने नाझी ज्यांना आता आपल्याच लोकांनी कामाला ठेवलंय. हेस्टिंग्ज नाही, समुद्र नाही, मिलनर नाही, तो आधीच बढती घेऊन ब्रायटनला गेलेला. सॅम आहे, लग्न झालेली, नवरा लेबर पार्टीचा खासदार. सगळं जरा करडं करडं आणि गुंतागुंतीचं, कटकारस्थान समजून घ्यायला कधी कधी मागे नेऊन परत बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र जमलीये, ती म्हणजे हिल्डा पिअर्स. एली हॅडिंग्टनने केलेली ही बाई आधी गुप्तहेर पाठवणाऱ्या एसओई या खात्यात दिसते आणि मग एमआयफाइव्हमध्ये. शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा आवाज, आणि माणसं मरायला पाठवायचे निर्णय घेऊन पचवलेली. फॉइल आणि ती एका खोलीत असले की बाकी कोणी नसलं तरी चालतं. सगळ्यात शेवटचा एपिसोड एलीस, तो तिच्या त्या जुन्या निर्णयांवरच आहे. तेवढ्यासाठी सहन करा म्हणेन.

यात भारत येतो का?

पडद्यावर जवळजवळ नाहीच. हे एक खटकतं मला. पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय या युद्धात ब्रिटनच्या बाजूने सैन्यात होते, आणि खुद्द डंकर्कच्या किनाऱ्यावर खेचरं घेऊन गेलेल्या भारतीय तुकड्या होत्या, त्यांना तिथून इंग्लंडात आणलं आणि पुढे कित्येक वर्षं त्या तिथेच होत्या. म्हणजे १९४० च्या इंग्लंडातल्या एखाद्या एपिसोडमध्ये पगडीवाला जवान खेचर घेऊन जाताना दिसला असता तर ते अगदी खरं होतं.

तारखा जुळवत बघायची हौस असेल तर आपल्याकडचं डोक्यात ठेवून बघा, वेगळीच मजा येते. इन्व्हेजन आणि बॅड ब्लड १९४२ मधले, त्याच ऑगस्टमध्ये इकडे गवालिया टँकवर छोडो भारत. प्लॅन ऑफ अटॅक एप्रिल १९४४ चा, त्याच महिन्यात १४ तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन बोट फुटली. त्या जुलैत इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे ऑल क्लिअरच्या जेमतेम महिनाभर आधी, त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांना. फॉइल म्हणतो ना की कायदा सगळ्यांना सारखा, तर ते ऐकताना मनात येतंच की याच देशाने तेव्हा आपल्याकडे किती लोकांना खटल्याशिवाय आत ठेवलं होतं. त्याचा दोष फॉइलला देत नाही, पण मनात येतं ते येतं.

अमुक नट यात आहे का हो?

बहुतेक आहे. तेव्हा कोणी ओळखत नव्हतं असे कितीतरी यात येऊन गेले. जेम्स मॅकअॅव्हॉय आणि रोझमंड पाइक दोघंही पहिल्याच एपिसोडमध्ये. डेव्हिड टेनंट अ लेसन इन मर्डर मध्ये, एमिली ब्लंट वॉर गेम्स मध्ये, अँड्र्यू स्कॉट द हाइड मध्ये. द व्हाइट फेदर मध्ये चार्ल्स डान्स, हिटलरबद्दल गोड गोड बोलणारा सुसंस्कृत सज्जन, अंगावर काटा येतो. प्रत्येक एपिसोडला घरातलं कोणीतरी ओरडतंच, अरे हा तो ना!

इंग्रजी समजायला अवघड आहे का?

सबटायटल लावा, लाज बाळगू नका. फॉइल पुटपुटतो आणि लष्करी अधिकारी तोंडात बटाटा धरल्यासारखं बोलतात.

घरच्यांबरोबर, मुलांबरोबर बघता येते का?

आई-वडिलांबरोबर आरामात, रिमोट हातात धरून बसायची वेळ येत नाही. रक्त फार दाखवत नाहीत, शिव्या नाहीत म्हणाव्या एवढ्या कमी. पण विषय जड असतात, आत्महत्या आहे, भाजलेले चेहरे आहेत, फाशी आहे, त्यामुळे अगदी लहान मुलं नकोत. दहावीच्या वगैरे पोरांना इतिहासात दुसरं महायुद्ध म्हणजे चार तारखा आणि दोन नकाशे एवढंच असतं, त्यांना जरूर दाखवा.

क्रमानेच बघायची का?

हो. खून त्या त्या एपिसोडमध्ये संपतो पण युद्ध पुढे सरकतं आणि माणसं त्याबरोबर बदलतात. फॉइलचा मुलगा अँड्र्यू पहिल्या सीझनमध्ये विमानं उडवायला मिळणार म्हणून उड्या मारणारा पोरगा असतो, तिसऱ्यात त्याच्याकडे बघा, डोळ्याखाली काळं, मित्र एकेक करून गेलेले. मधलं गाळलं तर हे समजणारच नाही.

फक्त एकच बघून ठरवायचं असेल तर पहिला. तेवढाही धीर नसेल तर आधी लिहिलेला फिफ्टी शिप्स, पण शेवट वर फोडून ठेवलाय मी.

कुठे बघायला मिळेल?

हक्क सारखे या प्लॅटफॉर्मवरून त्या प्लॅटफॉर्मवर जात असतात, आज लिहिलेलं महिन्याने खोटं ठरेल. नाव टाकून शोधा. डीव्हीडीचा पूर्ण संच मिळतो, तो घेतलेला कधी उडून जात नाही.

संपली. आता काय बघू?

लगेच दुसरी डिटेक्टिव्ह लावू नका, सगळे खूप बडबड करतात असं वाटतं. थोडे दिवस गेल्यावर एन्डेव्हर लावा. साठच्या दशकातलं ऑक्सफर्ड, तरुण मोर्स, आणि त्याचा साहेब थर्सडे म्हणजे रॉजर अॅलम, जो फॉइलच्या ईगल डे मध्ये पण येऊन गेलाय. थर्सडे स्वतः युद्धावर जाऊन आलेला माणूस आहे आणि अधूनमधून ते वर येतं, त्यामुळे फॉइलवरून तिकडे जाणं सोपं पडतं. ग्रँचेस्टर हलकी आहे, पन्नासच्या दशकातला पाद्री आणि पोलीस, रविवारी दुपारी ठीक. डेव्हिड सुशेचा प्वारो (अगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह) बघितलाच असेल, नसेल तर त्यातले काही एपिसोड हॉरोविट्झनेच लिहिलेत, तिथे त्याचा हात ओळखता येतो का बघा. प्वारो शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून अर्धा तास समजावतो. फॉइल टोपी घालून दाराशी उभा राहून दोन वाक्यं बोलतो आणि सॅमला गाडी काढायला सांगतो.